जमिनीतला गारवा आणि धोंड्याचं जेवण

लग्नाच्या पंगतीत लोक डॉक्टरला पोटाचं विचारतात, वकिलाला सातबाऱ्याचं विचारतात आणि मला कूलरचं विचारतात. हातात जिलबी धरलेली असते आणि प्रश्न येतो, "अवो, आमचा कूलर हवा तर बम फेकते, पण थंड नाही करत. काहून?" मी विचारतो, पाणी टाकता का? तर समोरचा विचारात पडतो. "थे रोज टाका लागते का?"

अकोल्यात माझं कूलर आणि एसी दुरुस्तीचं दुकान आहे. वय पन्नाशीच्या पुढं गेलंय, वजन त्याच्याही पुढं. आमच्या घरातला पंखा गेली कित्येक वर्षं कटकट आवाज करतो आणि माझ्या गाडीचा एसी तीन उन्हाळे बंदच होता. बायको, म्हणजे सुनंदा, पाहुण्यांसमोर सांगते, "हे दुनियेले थंड करते अन् घरी आले की आमाले गरम करते." पाहुणे हसतात. मीही हसतो. दुसरा इलाज नसतो.

तर या अंकासाठी धंद्यातलं काही लिहा म्हटल्यावर पुष्कळ गिऱ्हाइकं डोळ्यांसमोर आली. एसीत स्वेटर घालून बसणारे बडनेऱ्याचे रेल्वेवाले काका होते, कूलरच्या टाकीत दह्याचं भांडं ठेवणाऱ्या काकू होत्या. पण यंदाच्या उन्हाळ्यानंतर त्यांच्यावर लिहायला बसलो की हात थांबतो. यंदाचं गिऱ्हाईक घरचं होतं. ते आधी सांगून टाकतो.

त्याआधी थोडा धंदा समजावतो, म्हणजे पुढचं कळेल. एसी थंडी बनवत नाही. तो घरातली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो, भरलेली बादली अंगणात रिकामी करावी तशी. पण आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीसच्या वर पारा असतो. अंगणच तुडुंब भरलेलं, तुम्ही बादली ओतणार कुठं? मग बाहेरचं मशीन धापा टाकतं, वीज पितं आणि ऐन दुपारी टक्‌कन बंद पडतं. कूलर बिचारा साधा आहे, पण त्याला गोडं पाणी लागतं आणि उघडी खिडकी लागते.

आता तिसरी तऱ्हा. जमिनीच्या खाली काही फुटांवर उन्हाळा पोचत नाही. वर माणूस भाजत असतो आणि खाली माती आपली निवांत, हिवाळ्यात जरा कोमट, उन्हाळ्यात जरा गार. जमिनीत पाईप पुरायचा, त्यात तेच ते पाणी फिरवत ठेवायचं आणि घरातली उष्णता तापलेल्या हवेत फेकण्याऐवजी त्या पाण्यामार्फत जमिनीला द्यायची. मशीनला धापा टाकाव्या लागत नाहीत, वीज निम्म्याच्या आसपास लागते. भानगड एकच. पाईप पुरायचा खर्च आधी करावा लागतो आणि बचत मागून हळूहळू येते.

हे काम मी पहिल्यांदा अमरावतीत एका वकीलसाहेबांच्या बंगल्यावर केलं. साहेबांनी मला उलटतपासणीला घेतलं होतं. "पैसा वसूल कधी होईल ते सांगा." मी म्हटलं, साहेब, मोठं घर, माणसं जास्त, मशीन दिवसभर चालणार असेल तर काही वर्षांत. दोघंच राहत असाल आणि रात्री एकच खोली थंड करायची असेल, तर वसूल होईपर्यंत आपण दोघंही म्हातारे होऊ. ते म्हणाले, "मी आताच आहे." पण त्यांनी केलं. खडकात बोअर मारले, त्यात पाईप सोडले आणि गोष्ट झकास चालली. खडक हा फार इमानदार प्राणी आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मला वाटलं, इमानदार मीच आहे.

माझी सासुरवाडी अकोटच्या अलीकडं, खारपाणपट्ट्यात आहे. वर काळी माती, खाली खारं पाणी. बोअरला पाणी भरपूर लागतं, पण ते ना प्यायला चालतं ना झाडाला. सासरचे लोक माळी, पिढ्यान्‌पिढ्या भाजी आणि फुलं लावणारे. सासरे गेल्यावर सासूबाईंनी शेतात शेततळं खोदून घेतलं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठवायचं आणि त्यावर मोगरा जगवायचा. सासूबाईंना मी मामी म्हणतो. त्या मला जवाईबापू म्हणतात, आणि लग्नाला पंचवीस वर्षं उलटली तरी माझ्यासमोर डोक्यावरचा पदर सरकू देत नाहीत.

मंगेश त्यांचा धाकटा मुलगा, सुनंदाचा भाऊ. काही वर्षांपूर्वी फुलकोबी घेऊन अकोटच्या बाजारात जाताना ट्रॉली उलटली आणि पाठीचा कणा गेला. छातीपासून खाली काहीच कळत नाही. पण डोकं आणि जीभ दोन्ही शाबूत. पलंगावर पडल्यापडल्या फोनवर त्याने मोगऱ्याचा धंदा उभा केला. अकोल्याचे हारवाले, अमरावतीचे मंडपवाले, सगळे त्याच्या ओळखीचे. आई शेतात आणि हा फोनवर. मोगरा म्हणजे त्याचं घरातलं स्थान होतं. त्यामुळे तो कुणाच्या उपकारावर नव्हता.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून ठेवली होती. अशा माणसाला छातीखाली घाम येत नाही. घाम नाही म्हणजे शरीराचा स्वतःचा कूलर बंद. खोली तापली की माणूस तापतो, आणि त्याला वेळेवर कळतही नाही. उन्हाळा हा त्याचा वैरी.

आम्ही त्याच्या खिडकीत कूलर लावला होता, मीच बसवलेला. पण खाऱ्या पाण्याने कूलरच्या ताट्या, म्हणजे पाणी झिरपणाऱ्या गवताच्या चौकटी, पंधरा दिवसांत पांढऱ्या पडून कडक होतात, पापडासारख्या. एसी लावावा तर गावात दुपारी विजेचा भरवसा नाही. म्हणून मी ठरवलं, जमिनीतला गारवा. छपरावर सोलर, आत छोटं मशीन आणि अंगणाच्या पलीकडं चरात पाईप. खोल बोअर मारायचे तर फार महाग. शेततळ्याचा गाळ काढून नवं प्लास्टिक अंथरायचं म्हणून जेसीबी आलाच होता, त्याच्याकडूनच मी लांबलचक चर खोदून घेतला. बचत! वकीलसाहेबांकडे खडकात जेवढा खर्च झाला, त्याच्या पावपटीत मी काळ्या मातीत भागवलं. कूलरची खिडकी विटा लावून बुजवली, कारण या मशीनला खोली बंद लागते. सुनंदाला म्हटलं, "पाहा, याला म्हणतात डोकं." ती म्हणाली, "पाहू उन्हाळ्यात."

आणि चर बुजवल्यावर मी मामींना एक गोष्ट बजावली. याला आमच्याच मुलखातलं शहाणपण म्हणायचं. काळ्या मातीतली माणसं पाण्याला भितात. पाणी पडलं की ही माती फुगते, वाळली की आक्रसते, आणि त्यात घराच्या भिंती तडकतात. माझ्या अकोल्याच्या घराला असा एक तडा गेला आहे की त्याच्यातून शेजाऱ्यांची मालिका ऐकू येते. तेव्हा मी मोठ्या अधिकाराने सांगितलं, "मामी, चराच्या या पट्ट्यात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही."

मामींनी थेंब जाऊ दिला नाही. मोरीचं पाणी आधी तिकडून वाहायचं, ते त्यांनी नाली काढून दुसरीकडं वळवलं. जावयाचा शब्द होता.

मार्चमध्ये मशीन सुरू झालं. एप्रिलमध्ये मंगेशचा फोन आला, "भाऊजी, चादर घेऊन झोपून राहिलो." मी दुकानात चारचौघांना ऐकवलं. मे महिन्यात मीच फोन करून विचारू लागलो. मामी म्हणायच्या, "एकदम काश्मीर हाये जवाईबापू." मंगेश म्हणायचा, "मस्त." इतकंच. एरवी तो एका वाक्यात थांबणारा नव्हे. पण सीझन होता, दुकानात कूलरची रांग होती, आणि आपल्या कामाची तारीफ कानावर येत असली की माणूस उलटतपासणी घेत नाही.

यंदा अधिक महिना आला तो नेमका ज्येष्ठात, म्हणजे ऐन भट्टीत. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाला देव मानून जेवू घालायचा. मामींचं बोलावणं आलं. मी आणि सुनंदा एसी नसलेल्या आमच्या गाडीतून, खिडक्यांना ओले टॉवेल लावून, सकाळीच निघालो तरी पोचेपर्यंत मी देव कमी आणि उकडलेला धोंडा जास्त दिसत होतो.

पडवीत पाट मांडला होता, रांगोळी काढली होती. समोर कूलर लावलेला, वारा थेट माझ्या पानावर. मी विचारलं, "मंगेश?"

"झोपला हाये," मामी म्हणाल्या. "रात्री जागला. तुमी बसा, गरम गरम खाऊन घ्या."

सुनंदा म्हणाली, "मी पाहून येतो त्याले."

"आधी नवऱ्याले वाढ बाई. थो कुठी पळून जाते?"

ताटात पुरणाचे धोंडे आले, वर तुपाची धार. बाजूला अनारसे, दिवा, नवं धोतर. मी धोतर नेसत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी माझ्या कपाटात सासुरवाडीची धोतरं आहेत. पहिला घास घेतला आणि बंद दाराआडून आवाज आला.

घुर्र... टक्‌.

मी घास चावायचा थांबलो. आमच्या धंद्यात डोळ्यांपेक्षा कान मोठे. हा आवाज मी हजारदा ऐकलाय. मशीन उठायला बघतं आणि अंगात आलेला दाब सोसेना म्हणून बसतं.

"आणखी एक घ्या," मामींनी धोंडा वाढला.

"मामी, मशीन..."

"चालू हाये ना. तूप घ्या."

घुर्र... टक्‌.

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी कूलरकडे पाहिलं. हा तर मंगेशच्या खिडकीतला कूलर. हिवाळ्यात मी स्वतः काढून कोठ्यात ठेवला होता, तेव्हा त्याला कोऱ्या ताट्या घालून ठेवल्या होत्या. आता त्या ताट्या पांढऱ्या फटक पडलेल्या, मिठाचे पापुद्रे लोंबत होते. आजच कोठ्यातून काढलेल्या कूलरच्या ताट्या अशा होत नाहीत. हा कूलर कितीतरी दिवसांपासून चालत होता. कुणासाठी, ते विचारायची गरज नव्हती. आणि आज तो माझ्या पानासमोर होता.

मी ताटावरून उठलो. धोंड्याच्या जेवणातून जावई असा उठला म्हणजे घरात काय होतं, ते आमच्या भागातल्यांना सांगायला नको. मामींच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली.

दार उघडलं तर आतली हवा अंगावर आली. मंगेशच्या डोक्यावर, छातीवर ओली फडकी होती, ती सुकत चालली होती. तोंड लालबुंद. मला पाहून हसायचा प्रयत्न केला त्याने.

"या भाऊजी. जेवन झालं?"

"कधीपासून असं आहे?"

"कसं? मस्त हाये ना."

सुनंदाने त्याच्या कपाळाला हात लावला आणि झटका बसल्यासारखा मागं घेतला. मग ती आईवर फिरली. "आई! याचा कूलर काढून यायच्यापुढं ठेवला तुनं? लाज नाही वाटली?"

मामी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "तासाभराची त गोष्ट होती बाई. जवाई जेवतपर्यंत. त्यायनं एवढ्या हौसेनं मशीन बसवलं, त्यायले कसं सांगू का बंद पडलं म्हनून? त्यायचा अपमान नाही होत?"

"मीच म्हनलं आईले," मंगेश म्हणाला. जीभ जड झाली होती. "भाऊजी येऊन राहिले, त्यायच्यापुढं कूलर नोको दिसू द्या माया खोलीत. त्यायले वाईट वाटन."

त्या वाक्याचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही.

कूलर ओढत आणून दारात लावला. सुनंदा फडकी भिजवू लागली. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, शुद्धीत आहे ना? अंग ओलं ठेवा, वारा द्या, ॲम्ब्युलन्स बोलवा. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली आहे, परतली की पाठवतो. माझी गाडी दारात होती, पण तिच्यात बसवून भर दुपारी नेणं म्हणजे माणसाला पेटीत घालून उन्हात ठेवणं. दुनियेच्या एसींना हात लावणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाडीच्या एसीला हात लावला असता तर, हा विचार मी त्या वेळी बाजूला ठेवला. नंतर तो पुष्कळदा भेटला.

कूलरने ताप वाढायचा थांबला, पण उतरेना. खिडकी बुजवलेली, मिठाच्या ताट्या. म्हणजे मशीनच उठवायला हवं होतं.

मी जमिनीतून येणाऱ्या पाईपला हात लावला. जमिनीतून गार होऊन परत येणारं पाणी, आणि हात ठेववत नव्हता. पंप ठीक, वीज ठीक, मशीन ठीक. बिघाड जमिनीत होता.

अंगणापलीकडं चराजवळ गेलो. जमिनीला भेगा पडल्या होत्या. चप्पल आत जाईल एवढ्या. उन्हाळ्यात आमच्या शेतांना भेगा पडतात हे मला जन्मापासून माहीत आहे. लहानपणी आम्ही त्यात काड्या टाकून तळ शोधायचो. मी गुडघ्यावर बसून एका भेगेत तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, खुपसली. ती जात राहिली, जात राहिली आणि खाली टणकन पाईपला लागली. हलवून पाहिली. पाईप मोकळा होता. माती त्याला सोडून बाजूला झाली होती, आणि मध्ये नुसती हवा. पाईपची उष्णता घेणारं कुणी उरलंच नव्हतं. त्यात मशीन रोज तीच उष्णता खाली ओतून उरलीसुरली ओल उडवत होतं. आमच्या मशीनने आमचीच माती भाजली होती. आणि बाहेरून पाणी मिळायची सोय मी बंद करून ठेवलेली. थेंब जाऊ द्यायचा नाही!

खडकाला भेगा पडत नाहीत. वकीलसाहेबांच्या बंगल्याचं गणित मी इथं मातीत घातलं होतं.

पाणी हवं होतं, आत्ता. बोअरची मोटर थ्री-फेजवर, आणि त्या दिवशी शेतीची लाईन रात्रीची. राहिलं शेततळं, त्याचा पंप सोलरवर. तळ्याचं शेवाळलेलं पाणी सरळ मशीनमध्ये घेता येत नव्हतं, बारीक नळ्या तुंबल्या असत्या. पण चरात सोडायला चालणार होतं. तळ्यात तळाला गेलेलं पाणी तेवढं. धोंड्याच्या महिन्यात लग्नं नसतात, मोगऱ्याला भाव नसतो. पण महिना संपला की पुढं तारखाच तारखा. तोवर झाडं जगवायची म्हणून मंगेश ते पाणी भांड्यात मोजल्यासारखं वापरत होता. ऑर्डरी घेऊन ठेवल्या होत्या त्याने.

मी मामींना सांगितलं. त्या शेताकडं चालू लागल्या. मोगऱ्याकडं जाणारा पाईप त्यांनी ओढून काढला, मी तो चरापर्यंत आणला आणि त्यांनी पंपाचं बटण दाबलं.

आतून ओरडणं ऐकू आलं. पडल्यापडल्या मंगेशला पंपाचा आवाज कळतो, आणि ही मोगऱ्याच्या पाण्याची वेळ नव्हती.

"पंप कोनं चालू केला? भाऊजी! माया मोगऱ्याचं पानी होय थे! बंद करा म्हनतो ना मी!"

मी दारात गेलो. "मंगेश, थोडं चरात..."

"तुमचं मशीन मेलं त मेलं! माया मोगरा काहून मारून राहिले? मंडपवाल्याले काय तोंड दाखवू? एवढं एकच त हाये माह्यापाशी!"

रागावताना त्याचा चेहरा आणखी लाल होत होता. मी बंद करू की नको करू, मला कळेना. त्याचं म्हणणं खरं होतं. इतक्यात मामी माझ्या बाजूने आत आल्या. पदर खांद्यावर पडला होता, तो त्यांनी सावरला नाही.

"मंग्या, चूप ऱ्हाय. मोगरा वायला त मी कलम लावीन. तुयं कलम कुठी भेटते, सांग मले?"

त्याने भिंतीकडं तोंड वळवलं.

भेगा पाणी पीत होत्या. पाणी ओतावं आणि वर थेंब दिसू नये. मी उन्हात उभा राहून पाईप एका भेगेतून दुसऱ्या भेगेत फिरवत होतो, सुनंदा बिनखिडकीच्या खोलीतून ओरडून ताप सांगत होती. तेवढाच. तेवढाच. तळ्याची पातळी डोळ्यांदेखत उतरत होती आणि तळाचं प्लास्टिक दिसू लागलं होतं. मला वाटलं, मोगराही जाणार आणि हाही. दोन्हीकडून जाणार.

मग एका भेगेतून बुडबुडे आले. आतली हवा वर निघत होती, म्हणजे पाणी खाली भरत होतं. धावत जाऊन पाईपला हात लावला. गरमच. पण हात ठेवता आला. मशीनचं बटण बंद करून जरा थांबलो आणि पुन्हा चालू केलं.

घुर्र... घुर्र... घुर्र... आणि ते चालत राहिलं.

खोलीचं दार बंद केलं, आम्ही सगळे आत बसलो. मामी, सुनंदा, मी. हळूहळू फडकी गार लागू लागली. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मंगेशचा ताप उतरत होता. आत आलेल्या डॉक्टर मुलीने तपासलं आणि खोलीभर पाहिलं. "आमच्या गाडीपेक्षा इथंच बरं आहे. पुन्हा चढला तर लगेच कळवा." जाताना तिने अनारसा घेतला.

मंगेश माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी निघताना मी त्याच्या पलंगाजवळ गेलो. म्हटलं, मंगेश, तू मला एक फोन करायचा होतास रे.

तो छताकडं पाहत म्हणाला, "भाऊजी, तुमी पुढच्या टायमाले जवाई म्हनून नोका येऊ. मिस्त्री म्हनून या. मिस्त्रीले शिव्या देता येते."

सुनंदा हसली, मग रडली. मामींनी "काय बोलते हा!" म्हणून कपाळाला हात लावला. पण मला त्या दिवसात पहिल्यांदा पोट भरल्यासारखं वाटलं.

मोगरा निम्माअधिक वाळला. मंगेशने अर्ध्या ऑर्डरी दुसऱ्या मळेवाल्याकडं वळवल्या, फोनवर हसत बोलला, पण फोन ठेवल्यावर भिंतीकडं तोंड करायचा, असं सुनंदा सांगते. मी चरात भोकं पाडलेला एक पाईप टाकून दिला आणि बोअरचं खारं पाणी त्यात सोडलं. प्यायला नाही, झाडाला नाही, कूलरलाही नाही, असं ते पाणी शेवटी कामी आलं. चर मोगऱ्यापासून लांब आहे, तरी काठच्या दोन झाडांची पानं कडेने करपली. चराच्या कडेला मामींनी मातीचा बांध घातला, माझी परवानगी न विचारता.

आता पंगतीत लोक मला कूलरऐवजी याचंच विचारतात. किती लागतात, किती वाचतात? मी सांगतो. खडक असेल तर बोअर मारा, महाग पडेल, पण झोप लागेल. काळी माती असेल तर चर स्वस्त पडतो, पण तिला ओल द्या, आणि मे महिन्यात ती ओल कुठून आणणार ते आधी सांगा. खोली मोठी, वापर दिवसभराचा, माणूस घरात पडून असेल तर वीज खरंच वाचते. मंगेशकडं वाचते आहे. पण खर्च नुसता पाईप आणि मशीनचा नसतो. वाळलेला मोगरा मी कुठल्या हिशेबात धरू, ते वकीलसाहेबांनाही विचारलं. ते म्हणाले, "वसूल होत नाही असाही दावा असतो."

आणि एक माणूस लागतो, जो मशीन बिघडल्याबरोबर फोन करील. तो पाईपपेक्षा कठीण मिळतो.

परवा दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं आणि फोन वाजला. मामींचा. पंचवीस वर्षांत त्यांनी मला स्वतःहून कधी फोन केला नव्हता, सुनंदामार्फतच निरोप असायचे. उचलल्या उचलल्या आवाज आला,

"मिस्त्री हाये का?"

मी उभा राहिलो. "बोला मामी."

"मामी गिमी नंतर. तुमचं मशीन सकायपासून कोंबड्यावानी ओरडून राह्यलं. पोट्ट्याले झोप नाही. दुपारपर्यंत या, नाहीतर मी उपटून फेकतो." आणि मग, जरा थांबून, हळूच, "जेवाले काही करत नाही. डबा घेऊन या."

गिऱ्हाइकाने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, तातडीचं काम आलं. दुकानाचं शटर ओढलं आणि निघालो. सुनंदाने डब्यात भाकरी आणि ठेचा दिला होता. गाडीचा एसी आता चालतो. तो मात्र मी दुसऱ्या मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेतला.